ही म्हणजे कोण?

माझं माहेर औशाच्या अलीकडचं एक बारकं गाव, शाळा सातवीपोतर, आन् इंग्लिश म्हणाल तर पाचवीला गुरुजींनी ए बी सी डी फळ्यावर काढली ती सातवीपोतर फळ्यावरच राहिली. पर मला ते लई आवडायचं बगा. भाकरी थापताना मी पिठात बोटानं ए काढायची आन् माय म्हणायची, पीठ हाय ते, पाटी न्हाई. मंग लगीन झालं आन् लातूरला आले. आमचे मालक दाळमिलमधी कामाला होते, आजबी तिथंच हायेत, आन् आता काय म्हणून हायेत तेच तर तुम्हाला सांगायचंय, पर आदीच सांगितलं तर मजा जाईल. त्यांचं नाव मी घेत न्हाई. उखाण्यात घेतलं तेवढंच.

घरात आम्ही तिघंच, मालक, मी आन् सासूबाई. लेक मुदखेडला दिलीय. सासूबाईंना आता दिसतंय कमी पर कान लई तिखट. त्या बार्शीकडच्या, तिकडं आईला आय म्हणतेत, म्हणून मालकबी माय म्हणत न्हाईत, आय म्हणतेत. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार हाय.

मालकांचं काम तूर भरडायच्या मशीनवर, बावीस वर्षं. नुसत्या आवाजावरून सांगतेत, दाळ नीट निघायलीय का फुटायलीय. मिल आमच्या घराच्या मागंच हाय, एकदा जेवता जेवता त्यांचा घास हातातच राहिला, म्हणले दाळ फुटून चुनी जास्त पडायलीय, आन् खरकट्या हातानं पळत गेले. खरंच तुकडा पडायलालता. मी म्हणायची, बायकोच्या हाकेला कधी असं उठला न्हाईत.

तर काय झालं, शेठ म्हातारे झाले आन् त्यांनी मिल हैदराबादच्या एका कंपनीला दिली. कंपनी म्हणली, नवं मशीन बसवणार, मशीनवर सुपरवायझर राहील, त्यानं रोज सकाळी हैदराबादला फोनवर इंग्लिशमधी सांगायचं, काल किती माल निघाला, कसा निघाला. ज्याला जमंल तो इंटरव्ह्यू देईल, न्हाई त्यानं पोती उचलायची. महिन्याची मुदत. मालक घरी आले, पायातलं काढलंबी न्हाई, उंबऱ्यातच बसले आन् म्हणले, मंगल, माझं मशीन चाललं. पन्नाशी उलटलेला माणूस, दोनदा कंबर धरलेली, पर पोत्याचं भ्या न्हाई हो वाटलं त्यांना, मशीन जायचं वाटलं. मला लई कसंतरी झालं. मी म्हणले, कामून जाईल, मी हाय की.

आता मी कोण मोठी लागून गेले, तर मी बोलायच्या इंग्लिशच्या क्लासात झाडू मारते. लातुरात क्लासला काय तोटा न्हाई, झाडू मारणारीलाबी न्हाई. मॅडम पोरांना कागद वाटतेत, उरलेले मी गोळा करते. त्या दिवशी एक कागद हातात आला, वर लिहिलेलं सक्सेस, आन् खाली सगळी वाक्यं एच ई नं सुरू. मी आपलं वाचलं, हे गॉट अहेड. हे मेड इट. हे केम अ लाँग वे. मला हसूच आवरंना, म्हणलं बया, पान भरून आमचे हेच. मॅडमनी ऐकलं, म्हणाल्या, मावशी, हे नाही, ही. मी म्हणले ही म्हणजे बाई का. म्हणाल्या, नाही हो, ही म्हणजे तो, पुरुष. घ्या आता. आपल्यात नवरा बायकोला ही म्हणतो, आमची ही माहेरी गेली म्हणतो, आन् इंग्रजांनी बाप्यालाच ही करून ठेवलं.

मंग मी रोज झाडता झाडता एक एक वाक्य इचारून घ्यायची. मेड इट म्हणजे मला वाटलं कायतरी बनवलं, पिठलं बिठलं. मॅडम म्हणाल्या, नाही, मेड इट म्हणजे जमवलं त्यानं, करून दाखवलं. गोइंग प्लेसेस म्हणजे मला वाटलं गावोगाव हिंडायलाय, तर न्हाई, पुढं चाललाय. आन् ही हॅज अराइव्ह्ड म्हणजे नुसतं आला न्हाई, मोठा झाला. मी म्हणले मॅडम, तुमच्या इंग्लिशमधी माणूस मोठा झाला की आला म्हणतेत, आमच्याकडं मोठा झाला की गावाकडं येतच न्हाई. मॅडम खुर्चीत बसून हसल्या. तवापासनं मला शेवटच्या बाकावर बसायची परवानगी हाय, झाडून झालं की.

संध्याकाळी मी भाकरी टाकायची आन् मालक समोर पाटावर बसून म्हणायचे. मॅडमनी बजावलं होतं, मावशी, इंटरव्ह्यूत स्वतःबद्दल सांगायचं, तेव्हा ही काढून आय म्हणायला लावा. आय म्हणजे मी. झालं. मालक म्हणले, आय वर्क्ड हार्ड. आतून सासूबाई म्हणल्या, काय रं? मालक म्हणले, काय न्हाई. परत म्हणले, आय गॉट अहेड. काय रं बाळा, पाणी पायजे का? काय सांगू तुम्हाला, दर वाक्याला हाक आन् दर हाकेला ओ. मालकांचं कसं, आईनं ओ दिली की हे उठणार, आत जाणार, पाय दाबणार, आन् पुढचं वाक्य इसरून बाहेर येणार. सासूबाई तर खूश, म्हणल्या, माझं लेकरू आजकाल लई हाका मारायलंय मला. आता ह्या माउलीला कोण सांगणार की ते तुम्हाला न्हाई. चार दिवस गेले, वाक्यं तीनच झाली. तवा मीच म्हणले, मरू द्या ते आय, कागदावर हाय तसं ही म्हणूनच पाठ करा आन् साहेबापुढं गेल्यावर ही काढून आय लावा. चूक माझी होती ती, मी कबूल करते.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा दिला आन् दारात उभं राहून तीनदा म्हणले, ही काढा, आय लावा. हाव हाव म्हणत गेले.

तिथं हैदराबादचे साहेब, शेजारी आमचे जुने शेठ चहा पीत बसलेले. साहेब म्हणले, स्वतःबद्दल सांगा, इंग्लिशमधी. आन् मालकांनी एका दमात सोडलं, ही वर्क्ड हार्ड, ही केम अ लाँग वे, ही गॉट अहेड, ही मेड इट. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आन् इचारलं, हू इज ही? हू म्हणजे कोण, एवढं मालकांना कळलं. ही कोण? आता ह्यांच्या डोक्यात ही म्हणजे एकच. म्हणले, माय वाइफ, सर. साहेब म्हणले, ही इज युवर वाइफ? मालक म्हणले, यस सर, वर्क्ड हार्ड. शेठला असं हसू फुटलं की चहा बशीतून धोतरावर. शेठनीच मंग हिंदीत समजावलं, साब, हमारे मराठी में औरत को ही बोलते. साहेबबी हसायला लागले, आन् मालक मातर हसंनात. म्हणले, साब, झूट नहीं बोलता, उसनेच सिखाई मेरेकू. झाडू मारती क्लास में, कागद लाती, सिखाती.

आन् तेवढ्यात बाहेर मशीनचा आवाज बदलला. साहेबांना कळला न्हाई, शेठना न्हाई. मालक म्हणले, साब, दाळ टूट री, आन् इंटरव्ह्यू टाकून पळाले. साहेब मागं आले तर ह्यांनी मशीन थांबवलेलं आन् ओंजळीत तुकडा घेऊन उभे. साहेबांनी ती दाळ हातात घेतली आन् बघितली.

घरी आल्यावर मी लई भांडले. साहेबापुढनं असं उठून पळतेत का, आन् ही काढा म्हणलं होतं ना. मालक म्हणले, त्या टायमाला काढायला मन झालं न्हाई. आठ दिवस आम्ही पोस्टमनची वाट बघितली. मला तर सपनात पोती दिसायची.

नवव्या दिवशी दुपारी पत्र आलं. मालक म्हणले तूच वाच. मी एका एका अक्षरावर बोट ठेवून वाचलं, शिफ्ट सुपरवायझर, आन् पुढं ह्यांचं नाव. नाव मी घेतलं न्हाई, नुसतं बोट ठेवलं. मालकांनी पत्र घेतलं, आत गेले, सासूबाईंच्या पायाशी बसले आन् म्हणले, आय, मेड इट. सासूबाई म्हणल्या, काय रं? जेवलास का? म्हणले, हाव आय, जेवलो. त्यांनी चाचपून ह्यांचं तोंड हातात धरलं आन् कडाकडा बोटं मोडली. आता मालक ते इंग्लिशमधी मी म्हणले का आईला हाक मारली, मी इचारलं न्हाई. मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं.

आता रोज सकाळी हैदराबादला फोन करतेत. आय म्हणायला शिकलेत, मिलमधी ओ द्यायला कोण न्हाई तिथं. साहेब अजून चेष्टेनं इचारतेत, हाऊ इज ही? मालक म्हणतेत, फाइन सर, क्लासला गेलीय.

तुम्ही हे सगळं लिहून काढायलात, बरं करायलात, देव तुमच्याबी हाताला यश देवो. एवढंच ऐका माझं. मालक साहेबापुढं जे बोलले ना, ही वर्क्ड हार्ड, तिथं चुकलंय म्हणून ही खोडून आय करू नका. बराबर हाय ते.