उसना घाम

साळूबाई : सरक की गं जरा. माझं अर्धं अंग दारात चेंबलंय.

सुकन्या : सरकू कुठं आई? इकडं सरांचा गिअर आहे.

साळूबाई : मंग पाय तरी उचलून घे.

सुकन्या : तूच उचल. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

साळूबाई : बघा सर. हात गळालेत पोरीचे, पर जीभ न्हाई दमली.

गहिनीनाथ सर : हं.

(नगरहून देवळाली प्रवऱ्याला निघालेला छोटा हत्ती. दोघांच्या जागेत तिघं, गाडी सर चालवतायत. मागच्या हौद्यात दोरीनं बांधलेली तीन चाकांची शर्यतीची खुर्ची. जानेवारीतली दुपार कलते आहे.)

साळूबाई : सर, जाताना विळद घाटापर्यंत तोंडाचा पट्टा चालू हुता तुमचा. आता येताना सबूद न्हाई.

गहिनीनाथ सर : पुढे उसाची डबल ट्रॉली आहे. लक्ष ठेवावं लागतं.

सुकन्या : तिच्या मागंच राहू द्या सर. घाई नको. ऊस कसा हलतोय बघा, कीर्तनात पेंगणाऱ्या माणसांसारखा. मलाही तसंच होतंय. डोळे मिटले की हात अजून फिरतायत.

साळूबाई : लई जड हुतं का गं ते?

सुकन्या : आधी नव्हतं. टेबलावर सायकलची पॅडलं बसवल्यासारखं, हातानं फिरवायचं. दर मिनिटाला तपासणी घेणाऱ्या दिशा मॅडम थोडं जड करायच्या. नाकातोंडावर तो रबरी मास्क, आणि त्याची नळी मशिनला. मी किती हवा आत घेते, किती बाहेर टाकते, सगळं तिथं लिहिलं जात होतं. आई, स्वतःचा श्वास इतका जवळून कधी ऐकला नव्हता गं. शेजारी कुणीतरी झोपलंय असं वाटत होतं.

साळूबाई : आन डोळे का मिटलेस? मला वाटलं गेली पोरगी.

सुकन्या : आठव्या मिनिटाला ती खोलीच गेली. मी कॅनॉलवर होते. पाणी उलटं, धरणाकडं चाललेलं, आणि मी पाण्यावरून, चाकं न भिजवता. दोन्ही काठांना उसाचे तुरे. इतकं शांत होतं. कुणी काही म्हणत नव्हतं.

साळूबाई : सर वरडत हुते की. वर ने, वर ने, अजून वर ने.

सुकन्या : मला नाही ऐकू आलं.

गहिनीनाथ सर : मी काच वर करतो. धूळ येते आहे.

सुकन्या : शेवटी किती आले हो सर ठोके? मॅडमनी मला पलीकडं पलंगावर नेऊन ओला टॉवेल टाकला, आणि तुम्हा दोघांशीच बोलत बसल्या.

गहिनीनाथ सर : एकशे अठ्ठावीस.

सुकन्या : म्हणजे रोजचेच. तुमच्या घड्याळातही एकशे अठ्ठावीस, त्यांच्या लाखाच्या मशिनमध्येही तेच.

गहिनीनाथ सर : सविस्तर रिपोर्ट मेलवर येणार आहे.

सुकन्या : यायचं काय राहिलंय त्यात. दोनशे वीसमधून माझं चोवीस वय वजा केलं की एकशे शहाण्णव. त्यातले एकशे सत्तर तरी आले पाहिजेत. ते येत नाहीत, म्हणजे मी जोर लावत नाही. दोन वर्षं हेच ऐकतेय, पाठ झालंय.

साळूबाई : सुके, गप पड जरा.

सुकन्या : नाही, मी रागानं नाही बोलत. सर, ठरलं होतं ना आपलं, आजही तेवढेच आले तर खुर्ची त्या नवीन पोराला, हर्षलला. रविवारी बेलापूरला पोचवायला जाल तेव्हा मला पण न्या. डावं चाक वळणावर किंचित ओढतं, ते त्याला सांगायला पाहिजे. आणि हातमोज्याला आतून सायकलची ट्यूब लावलीय मी. ती त्याला देऊन टाकते.

गहिनीनाथ सर : बघू.

सुकन्या : बघू काय... मी जरा डोळे मिटते, आई. ट्रॉली वळली की उठव.

साळूबाई : झोप.

गहिनीनाथ सर : तिच्या तोंडावर ऊन येतं आहे.

साळूबाई : पदर धरलाय म्या. झोपली बघा. ल्हानपनी अशीच, बोलता बोलता मान टाकायची.

गहिनीनाथ सर : हं.

साळूबाई : सर, का न्हाई सांगितलं तिला?

गहिनीनाथ सर : काय?

साळूबाई : मॅडम म्हनली ते. म्या काय शिकलेली न्हाई, पर येवढं कळलं मला. पोरीची पाठ दोन खांद्यांच्या मदी मोडली. काळजाला पळ म्हनून सांगावा जातो तो त्याच वाटंनं. ती वाटच तुटलीय. मंग हिनं जीव जाईस्तोवर चाकं मारली, तरी काळीज आपलं त्याच्याच चालीनं चालनार. घड्याळात दिसनार काय?

गहिनीनाथ सर : थोडा जातो सांगावा. पुरेसा जात नाही. बाकी तुम्ही बरोबर समजलात. मला मॅडमना दोनदा विचारावं लागलं.

साळूबाई : आन ते श्वासाचं?

गहिनीनाथ सर : शेवटची दोन मिनिटं ती जितका प्राणवायू घेत होती, त्याहून जास्त खराब हवा बाहेर टाकत होती. बोटातून रक्त घेतलं, त्यातही तेच. इतकं वर जायला माणसाला स्वतःला पिळून काढावं लागतं, असं म्हणाल्या. अशी पाठ असलेल्या जेवढ्या मुली त्यांच्याकडे तपासणीला आल्या, त्यांत हिचा प्राणवायूचा आकडा सगळ्यांत वर आहे.

साळूबाई : हे ऐकलं आन तुमी चहाला म्हनून गेला. तासभर आला न्हाई.

गहिनीनाथ सर : चहा गरम होता.

साळूबाई : असंल.

गहिनीनाथ सर : ताई, तीस वर्षं मी पळणारी पोरं घडवली. वय वजा करायचं, ठोके बघायचे, शर्ट बघायचा. भिजलेला शर्ट म्हणजे मेहनत. दुसरं मला कुणी शिकवलं नाही.

साळूबाई : शर्टाचं निघालंच हाय, तर माझंबी ऐका. तुमी पोरीला म्हनायचा, मोनिका बघ कशी निथळतीय, आन तुझं अंग कोरडं. मोनिकाला एक पाय न्हाई, पर पाठ धड हाय तिची. हिला छातीखाली घाम येतच न्हाई. पहिल्या वर्षाला कळलं मला, आंघूळ घालताना. पर तुमाला कोन सांगनार? मंग म्या काय केलं, मैदानामागच्या नळावर तिचा शर्ट भिजवून द्यायला लागले. तुमी शिट्टी मारायच्या आधी.

गहिनीनाथ सर : रोज?

साळूबाई : रोज कुठलं? कांदा खुरपायला जाते म्या. मंगळवार आन शुक्रवार, तेवढंच यायला जमायचं.

गहिनीनाथ सर : मंगळवार, शुक्रवार.

साळूबाई : फसवलं तुमाला. म्हनलं, उसना तर उसना, दिसू दे घाम.

गहिनीनाथ सर : माझ्या वहीत त्या दोन दिवशी तिचं बारा मिनिटांतलं अंतर वेगळं आहे. इतर दिवसांपेक्षा दीडशे मीटर पुढे, कधी दोनशे. कारण काय असेल म्हणून मी पुढे लिहून ठेवलं आहे, आई मैदानावर असली की नाटकं करत नाही.

साळूबाई : असं लिवलंय?

गहिनीनाथ सर : लाल पेनानं. आणि आज मॅडम म्हणतात, हिचं अंग तापतं, ताप बाहेर पडायला घाम नाही, तेव्हा पळण्याआधी पाणी मारत जा. तुम्ही तेच करत होता.

साळूबाई : म्या तर लबाडी करत हुते.

गहिनीनाथ सर : तिनं मला का नाही सांगितलं, गरम होतं म्हणून?

साळूबाई : सांगितलं हुतं. डोकं तापतंय सर, म्हनली हुती. तवा तुमी सगळ्या पोरांदेखत...

गहिनीनाथ सर : आठवतं मला.

साळूबाई : त्या दिवशी घरी आली आन मला म्हनती, आई, खरंच मी कामचोर असंल का गं? मला कळत नसंल का? माझा हात पिठात हुता. म्या म्हनलं, असशील थोडी. सर जानते हायेत, उगं कशाला म्हनतील.

गहिनीनाथ सर : तुम्हीही?

साळूबाई : म्याबी. शर्ट भिजवायचे, आन मनात तुमचंच खरं धरायचे.

गहिनीनाथ सर : पुण्याला निवडीला मी मोनिकाला एकटीला नेलं.

साळूबाई : म्हाईत हाय. त्या दिवशी हिनं मोनिकाच्या डब्याला थालीपीठ लावून दिलं.

गहिनीनाथ सर : रिपोर्ट मेलवर येईल. वाचेल ती. मॅडमनी नीट लिहिलेलं असेल.

साळूबाई : मॅडमचं नाव घालू नका त्यात. मॅडमनी कुठं म्हनलं हुतं तिला कायबी? तवा तुमी बोलला हुता, आता तुमीच बोला. म्हनून तर म्या मघाधरनं गप हाय. मला काय सांगता येत न्हवतं का?

गहिनीनाथ सर : राहुरी गेली, लक्षातच आलं नाही.

साळूबाई : ट्रॉली वळली बघा कारखान्याकडं. रस्ता मोकळा हाय आता. ती बाटली द्या इकडं.

गहिनीनाथ सर : झोपू द्या तिला, ताई.

साळूबाई : मान तापलीय तिची. सुके. ए सुकू. थंड लागंल हां.

सुकन्या : ...आज मंगळवार आहे?

साळूबाई : न्हाई गं. उठ.

सुकन्या : मग शर्ट का भिजवतेयस? मी परत कॅनॉलवर गेले होते. तू काठावर बादली घेऊन उभी होतीस. आलं का घर? गाडी का थांबली, सर?

गहिनीनाथ सर : मी थांबवली.

सुकन्या : दोरी सुटली का मागं?

गहिनीनाथ सर : दोरी पक्की आहे. खुर्ची बेलापूरला जाणार नाही. हर्षलच्या वडिलांना मी चहाच्या टपरीवरून फोन केला होता, दुपारीच.

सुकन्या : दुपारी? मग मघाशी बघू का म्हणालात?

साळूबाई : ऐकून घे त्यांचं.

गहिनीनाथ सर : पोरांसमोर मी तुला एक शब्द बोललो होतो. मैदानावर, पावसाळ्याच्या आधी.

सुकन्या : मला नाही आठवत, सर.

साळूबाई : आठवतंय तिला.

गहिनीनाथ सर : तू पहिल्या दिवसापासून सगळं देत होतीस, सुकन्या. मला मोजता आलं नाही.