पोरीजोगतं घर

नाही, नाही, चारुता मॅडम, त्या खुर्चीवर नका बसू — तिचा पाय डुगडुगते — या बाजेवर बसा. बालकल्याण समितीकडून चौकशीले आलेलं मानूस उभं राहिलं की मले पोलीस आल्यासारखं वाटते. हं, काय विचारलं तुमी — रागिणी इथं आली तर तिले पाहीन कोन? मी पाहीन. अजून कोन? मी आजी तिची. माय वारली तवापासून मीच केलं तिचं. वावर घराच्या मागंच आहे, झेंडू आहे, शेवंती आहे, सकाळी फुलं तोडाची, जठारपेठेत दुकानदारायले देऊन याची, तोवर पोरगी शाळेत. शाळा तेच, बाईबी तेच — जिनं फोन केला होता तेच. पहिले मी तिच्यावर राग धरला, आता नाही धरत. आन तिचा बाप? माहा मनोज? तो सुटला की परतवाड्याले राहीन. जीपमालक खोली देऊन राहिला त्याले. लिहा तसं — परतवाडा.

तुमच्या कागदात सारं असनच, तरी सांगतो. मनोज परतवाड्याहून सेमाडोहले जीप चालवे. चांगला चालवे. बायको गेली, मंग जीप सुटली आन दारू लागली — पहिले काय लागलं आन मंग काय सुटलं, ते मले आता आठवत नाही. त्या दिवशी मी बहिणीकडं गेल्ती. पोरीच्या हातानं भात करपला. एवढ्याशा पोरीनं चुलीवर भात काहून मांडावा, हे कोनी विचारलं नाही, कोर्टातबी नाही विचारलं. त्यानं तिले पट्ट्यानं मारलं, मोटरीच्या खोलीत कोंडलं आन झोपला. मी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, तर हा चहा पिऊन राहिला होता. मी म्हनलं, पोरगी कुठी आहे? तर म्हने, शाळेत असन. — असन. खोटं नाही बोलला तो, मॅडम. त्याले खरंच आठवत नव्हतं. मी पानी द्यासाठी मोटर लावाले गेली, कडी काढली, तर पोरगी आत पाइपाच्या गुंडाळ्यावर बसेल. रडून नव्हती राहिली. मले म्हने, आजी, मी भाताचं भांडं घासून ठेवते.

तिच्या पाठीले हळद लावली आन सकाळी शाळेत धाडली. मनोजचा वकील मले तेच विचारे — मानिकबाई, अशा पाठीची पोरगी तुमी शाळेत धाडलीच काहून? आता काहून धाडली? शाळेचा दिवस होता म्हनून धाडली. तिथं बाईनं पाठ पाहिली आन पोलिसायले फोन केला.

मंग कोर्ट. लय दिवस चाललं. कधी हा वकील नाही, कधी तो साहेब सुट्टीवर, कधी आपला नंबरच लागत नाही, पिंपळाखाली बसून शिदोरी खाल्ली आन घरी आलो, असं. पोरीले वेगळ्या खोलीत बसवलं, बाप दिसू नये म्हनून मधात पडदा लावला. जजबाई चांगली होती. तिनं पोरीले बिस्कीट देलं. पोरीनं ते मुठीत धरून ठेवलं — खाल्लंबी नाही आन बोललीबी नाही. मंग राहिली मी. मनोजचा वकील आदल्या दिवशी घरी येऊन गेला. म्हने, आजी, तुमाले खोटं बोलाचंच नाही, एवढंच म्हना, मी घरी नव्हती. ते तर खरंच होतं. तेवढंच म्हनाचं असं ठरवून मी गेली बी होती, मॅडम. पन जजबाईनं विचारलं, खोलीची कडी कोनं काढली? मी म्हनलं, मी काढली. म्हने, कडी बाहेरून लावेल होती? हाव, म्हनलं, बाहेरून. झालं. तेवढ्यावर पोराले कैद झाली. तो माह्याकडं पाहून राहिला होता. रागानं नाही. लहानपनी मी त्याच्या आधी त्याच्या भावाले वाढलं की पाहे ना, तसा.

लोकं बोलतात. बोलू द्या. साक्ष मी देली आन जेलात भेटीलेबी मीच जातो. जाळीच्या अलीकडं मी, पलीकडं तो. काय बोलतो? झेंडूले भाव काय आहे. मोटर नीट चालते का. पोरीचं नाव तो घेत नाही, मीबी घेत नाही. आन मंग अमरावतीले संस्थेत जातो, पोरीपाशी. अंगानं भरली तिथं. गानं म्हनते — मले म्हनून दाखवलं, हातवारे करून. इथं कधी म्हनलं नाही. मी म्हनलं, घरी चालतं का, माय? तर म्हने, आजी, तूच इथं राहाले ये, माह्या बाजूची खाट रिकामी आहे. लहान आहे, तिले काय समजते.

चला, खोली दाखवतो. मागं काय पाहता — त्या मोटरीच्या खोलीच्या विटा आहेत, पाडली मी ते. हे तिची खोली. पहिले इथं तूर राहे. रंग देला, सुतार बोलावून नवं दार बसवलं. आन हे पाहा — कडी आतून आहे, आन खाली लावली, तिचा हात पोचन अशी. सुतार म्हने, एवढ्या खाली कोनी लावते काय? मी म्हनलं, लाव तू. — काय? — आतून काहून?

आता पोरीची जात आहे, मॅडम, मोठी होऊन राहिली, कपडे बदलाचे राहतात —

नाही. तसं नाही.

थांबा, मी बसतो जरा. जीपमालक खोली देऊन नाही राहिला. तो तर माहा फोनच उचलत नाही. मनोज पोळ्याच्या आगंमागं सुटन आन इथंच येईन. दुसरीकडं जाईन कुठी? दारू? सुटली ना दारू — जेलात भेटत नाही म्हनून सुटली. मी कडी लावून घेतली आन मले वाटलं, झालं, सोय झाली. कोर्टात मले विचारलं, म्हनून माह्या तोंडून खरं निघालं. तो दारात उभा राहून माय म्हनन, तवा मले शपथ कोन देईन? मी दार उघडीन, मॅडम. भाकर टाकीन, बाज टाकीन. मले माहीत आहे ना मी.

पेन काहून थांबला तुमचा? लिहा. आजीचं म्हननं आहे की पोरीले सध्या तिथंच राहू द्या. कारन? कारन नका लिहू. — नाही, लिहा. आजीच्यानं पोराले दार लावून घेनं होत नाही, असं लिहा. द्या इकडं, सही करतो, सही येते मले. पोरीले तुमी काही नका सांगू, मी जाऊन सांगतो. संस्थेले तेवढं म्हना, तिच्या बाजूची खाट रिकामी ठेवा, आजी येऊन बसत जाईन.

निघा आता. चहा नाही ठेवत मी. जाताना फाटक तेवढं लोटून घ्या, बकऱ्या शिरतात.