आमच्या भांडणाचं प्रकरण

...आणि म्हणून तुम्हाला सांगतो, दीड वर्ष झालं, मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या डायनिंग टेबलावर बसून आमटीत मीठ कमी आहे एवढंसुद्धा मोकळेपणाने बोललेलो नाही. का? तर मिठाच्या डबीशेजारी ते यंत्र. काळं, साबणाच्या वडीएवढं, आणि त्याला एक लाल दिवा. दिवा लागला की समजायचं, विज्ञान चालू आहे. मी म्हणणार, "विजया, आज आमटी..." की नजर दिव्याकडे जाणार आणि पुढचं वाक्य आवंढ्याबरोबर खाली. सोसायटीतले लोक म्हणतात, यतीन जी, रिटायरमेंट के बाद आप बड़े शांत हो गए हैं. अरे शांत कसला यार, रेकॉर्ड होतोय मी!

विजया म्हणजे आमची बायको. आयुष्यभर विमा कंपनीत नोकरी केली, रिटायर झाली, शाल मिळाली, नारळ मिळाला, मी म्हटलं चलो, आता आम्ही दोघं मयूर विहारच्या बाल्कनीत बसून पेपर वाटून वाचणार, पहिलं पान मला, शब्दकोडं तिला. तर ही त्या नारळाची बर्फी करता करता म्हणाली, "मी एम.ए. करणार आहे. भाषाविज्ञान." मला वाटलं, पोस्टाने करायचं असेल. कसलं पोस्ट! रोज मेट्रो, पाठीवर सॅक, वर्गात नातवंडं शोभतील अशी मुलं. पहिल्या दिवशी गार्डने हिला सरळ स्टाफरूममध्ये नेऊन बसवलं, तिथे कोणीतरी चहा दिला, हिने तो शांतपणे प्यायला, कप जागेवर ठेवला आणि मग विचारलं, विद्यार्थ्यांचा वर्ग कुठे आहे?

हिच्या गाइड डॉक्टर शिवांगी. आमच्या मुलापेक्षा लहान. त्यांचा फोन आला की विजया खुर्चीतून उभी राहते. फोन आला की! मी इतकी वर्षं दारातून आत येतोय, कधी मान वर केली नाही.

आणि शेवटच्या वर्षी प्रबंध. बाकीच्यांनी चांगले भारदस्त विषय घेतले, कोणी कोर्टाची भाषा, कोणी जाहिरातींची. हिचा विषय काय? दिल्लीतली मराठी घरं भांडतात कुठल्या भाषेत. मी म्हटलं, हा विषय आहे? भांडतात तोंडाने. तर तिने मला समोर बसवून समजावलं, की बघा, आपण दारात हिंदी बोलतो, ऑफिसात इंग्रजी, स्वयंपाकघरात मराठी, पण माणूस चिडला की यातली कुठली भाषा पुढे येते? नेमकी कुठल्या वाक्याला बदलते? आणि का बदलते? चिडलेला माणूस भाषा निवडत बसत नाही ना, म्हणून तेच खरं. आता तुम्हाला म्हणून सांगतो, मला ते एकदम पटलं. म्हटलं, काय डोकं आहे. तिला नाही सांगितलं. तिला मी म्हटलं, बघ बाई, लोक हसतील.

तर घरोघरी यंत्र ठेवायचं, संमतीपत्रावर सही घ्यायची, आणि भांडण व्हायची वाट बघायची. पहिलं घर अर्थात आमचं, चाचणीसाठी. मी विचारलं, या संशोधनात माझं पद काय? म्हणजे आम्ही सरकारी नोकरीत राहिलेली माणसं, पद विचारायची सवय. तर ती मान वर न करता म्हणाली, "नमुना." तिच्या शास्त्रातला शब्द आहे हो तो, बिल्कुल सरळ अर्थाने म्हणाली. पण आमच्या अख्ख्या खानदानात नमुना कोणाला म्हणतात, ते काय तुम्हाला सांगायला हवं? म्हटलं, ठीक आहे. मी काय, नमुना.

आता गंमत ऐका. यंत्र घरात आलं की लोक भांडेचनात! अचानक सगळ्या घरांत रामराज्य. जावा-जावा एकमेकींच्या भाजीचं कौतुक करतायत, सासरे सुनेला बस बेटा, थकली असशील म्हणतायत. गुरुग्रामला पुण्याचं एक आयटीवालं जोडपं, त्यांनी मोठ्या अभिमानाने रेकॉर्डिंग पाठवलं, की काल आमचं जबरदस्त वाजलं. विजयाने लावलं. नवरा म्हणतोय, आय हिअर यू. बायको म्हणतेय, थँक यू फॉर शेअरिंग. विजयाने हेडफोन काढून ठेवला, म्हणाली, "हे भांडण नाही हो, ही मीटिंग आहे."

अशा वेळी सापडल्या कौशल्याकाकू. करोल बागेत राहतात, तीन पिढ्यांचं दिल्लीतलं मराठी घर, काकू आणि मुलगा अमोल. दोघांनी सह्या केल्या, यंत्र ठेवून घेतलं, आणि विसरून गेले. विसरणं महत्त्वाचं! आणि मग एके दिवशी त्या मायलेकांचं असं काही वाजलं, की विजया ते यंत्र घेऊन घरी आली तेव्हा तिचा चेहरा... काय सांगू, आमच्या मुलाचा बारावीचा निकाल लागला होता तेव्हाही एवढा फुलला नव्हता. मला एक अक्षर ऐकवलं नाही. नियम आहे म्हणाली. फक्त म्हणाली, एका वाक्यात तीन भाषा आहेत हो, आणि तिन्ही जागच्या जागी. त्यावर चौथं प्रकरण लिहायला घेतलं. शिवांगी मॅडम म्हणाल्या, विजया जी, यही आपकी थीसिस की जान है. घरात मी चहा करायचा, मी कुकर लावायचा, मी धोब्याशी बोलायचं. मी काय, नमुना.

आणि प्रबंध द्यायला थोडेच दिवस उरलेले असताना काकूंचा फोन आला. सकाळची वेळ, विजया टेबलावर मटार सोलत होती. इकडून नुसतं हो, हो काकू, बरं काकू. फोन ठेवला आणि म्हणाली, काकूंना ते रेकॉर्डिंग नको आहे. अमोलच्या तोंडून त्या दिवशी वडिलांबद्दल काही गेलं, ते कोणाच्या कागदावर राहायला नको, असं त्यांना रात्रंदिवस वाटतंय. आणि हे मला सांगता सांगताच तिने हात पुसले, यंत्र घेतलं, लॅपटॉप उघडला, इथून काढलं, तिथून काढलं, आणि लिहिलेलं प्रकरणही काढून टाकलं. अख्खं! पुन्हा तपासायला यंत्राची बटणं दाबून बघितली, आणि परत मटार सोलायला बसली.

मी उभाच. म्हटलं, अगं वेडी आहेस का? नावं बदल, करोल बागेचं रोहिणी कर, मुलाचा भाचा कर, कोणाला कळणार आहे? ती म्हणाली, "त्या नाही म्हणाल्यात." मी म्हटलं, अगं पण तुझी मेहनत? ती म्हणाली, "त्या नाही म्हणाल्यात, अहो." झालं. माझं डोकं फिरलं. तिचं नुकसान मला बघवेना आणि राग मात्र तिच्यावरच निघाला, असं होतं की नाही? मी म्हटलं, या वयात तुला कोण प्रोफेसर करणार आहे? पास हो, काळा डगला घालून फोटो काढ, आणि संपव एकदाचं!

तेव्हा तिचे हात थांबले. आवाज चढवला नाही हो तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

"अहो, मी आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतल्या," ती म्हणाली. "खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचून दाखवायला कधी वेळ नसायचा. मागे रांग असायची. या कागदावर मी काकूंना एकेक ओळ वाचून दाखवली. कधीही मागे घेता येईल, ही ओळ माझ्या तोंडाने वाचली. आता त्यांनी मागे घेतलं. संपलं."

माझ्याकडे मुद्दा नव्हता, पण तोंड चालू होतं. मी म्हटलं, देखो, तुमसे बहस करना ही बेकार है, तुम्हें जो करना है करो. मग तेही कमी पडलं, तर सरळ ऑफिसातल्या आवाजात, आय ॲम नॉट आन्सरेबल टू युवर युनिव्हर्सिटी, मॅडम! विचारलं कोणी होतं मला? युनिव्हर्सिटीने माझ्याकडून काय खुलासा मागवला होता?

तिने माझ्याकडे बघितलं, परात माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाली, "बसा. मटार सोला."

बसलो. सोलले. बराच वेळ नुसता शेंगांचा आवाज. आणि मग शेंग शोधता शोधता माझं लक्ष गेलं... लाल दिवा. तपासताना दाबलेलं बटण तसंच राहिलं होतं. सगळं आत गेलं होतं. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि मटार.

तिनेही बघितलं. बंद केलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर संमतीपत्र घेऊन समोर बसली, आणि इतक्या वर्षांचा नवरा मी, पण मलाही एकेक ओळ वाचून दाखवली. हे कशासाठी, कुठे वापरणार, नाव येणार नाही, कधीही मागे घेता येईल. म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर एक प्रकरण कमी करून देईन. रागावणार नाही." आता त्या रेकॉर्डिंगमध्ये मी काही फार शोभून दिसत नव्हतो, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. पण ती ज्या पद्धतीने वाचत होती ना, घाई नाही, आर्जव नाही... मला वाटलं, हिच्या कागदावर सही करायची नाही तर कोणाच्या करायची? दिली सही. मी काय, नमुना!

प्रकरण लिहून झालं तेव्हा मला वाचायला दिलं. तिथे मी "सहभागी प" आहे. तीस पानं! माझ्यावर! सहभागी प यांचा मुद्दा जिथे संपतो तिथे त्यांची हिंदी सुरू होते, असं सोदाहरण दाखवलंय. आणि सहभागी प घाबरले की इंग्रजी बोलतात. मी म्हणायला गेलो, दिस इज नॉट... आणि गप्प बसलो.

पण शेवटी एक पान आहे फक्त "मटार सोला" या दोन शब्दांवर. तिने लिहिलंय, की व्याकरणाने ही आज्ञा आहे, पण अर्थाने हे बोलावणं आहे. बोलणाऱ्या व्यक्तीने भांडण जिंकलेलं असतं आणि ती समोरच्याला शेजारी बसायला जागा करून देत असते. ते पान मी दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला. मग पुन्हा वाचलं. आमच्या लग्नावर भाषणं झाली, पंचविसाव्या वाढदिवसाला व्हिडिओ झाला, पण इतकं नेमकं कोणी काही म्हटलं नव्हतं.

मग तोंडी परीक्षा. ऐकायला कोणीही येऊ शकतं, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत. बाहेरून आलेले परीक्षक, पांढऱ्या भुवया, हसणं माहीत नसलेले. त्यांनी पानं उलटली आणि बरोबर तिथेच बोट ठेवलं. एक रेकॉर्डिंग मागे घेतलं असं लिहिलंय, आपकी गाइड के हिसाब से वही सबसे अच्छी थी, नाव बदलून ठेवता आलं नसतं का? माझाच प्रश्न! मी खुर्चीत खाली सरकलो.

विजया म्हणाली, "सर, उन्होंने मना किया था."

ते म्हणाले, दुसरं काही मिळालं नसतं तर प्रबंध कमज़ोर हो जाता.

"हो जाता, सर. कमज़ोर ही जमा करती."

परीक्षकांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, आणि म्हणाले, मैं यह अपने पीएचडी वालों को सुनाऊंगा. शिवांगी मॅडम खिडकीतून बाहेर बघायला लागल्या, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. आणि मी? माझी छाती अशी भरून आली की शर्टाच्या बटणांची काळजी वाटली.

मग ते जरा सैल झाले. विचारलं, ये जो सहभागी प हैं, बड़े दिलचस्प आदमी हैं, कौन हैं? विजया म्हणाली, गोपनीय है, सर. चेहऱ्यावर रेघ हलू दिली नाही. मग म्हणाले, श्रोत्यांपैकी कोणाला काही बोलायचंय? आता मला गप्प बसता आलं असतं की नाही? उठलो. म्हटलं, मला फक्त एवढंच सांगायचंय, की विजयाने जे केलं ते... पुढे शब्द सुचेना. म्हटलं, मतलब, देखिए, मैं ये कहना चाहता हूं... तेही अडलं. सगळे बघायला लागले. आणि मी ताठ उभा राहून, सरकारी आवाजात, ऑन बिहाफ ऑफ द फॅमिली, आय विश टू प्लेस ऑन रेकॉर्ड...

आधी शिवांगी मॅडमनी तोंडावर हात धरला. मग हिच्या वर्गातली मुलं. मग ते पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ टेबलावर थाप मारून हसले, हसता हसता म्हणाले, मिल गए! गोपनीयता पार धुळीला मिळाली. विजया मात्र नुसतं माझ्याकडे बघत होती. आणि हसत होती, पण तुमच्यासारखी नाही, वेगळी. जाऊ द्या. मी काय, नमुना.

पहिल्या वर्गात पास झाली. कौशल्याकाकू पेढे घेऊन मयूर विहारपर्यंत आल्या, विजयाचा हात बराच वेळ हातात धरून बसल्या, आणि जाताना म्हणाल्या, आता माझं काय ते विचार, मी सांगते, अमोलला मध्ये घेऊ नको.

मला वाटलं, संपलं. यंत्र जाईल, मी घरात पुन्हा माणसासारखा ओरडीन. मी तर मनाशी यादीच करून ठेवली होती, काय काय बोलायचं राहिलंय त्याची. तर शिवांगी मॅडमचा फोन. विजया उभी. विजया जी, आपके डेटा में सबसे सुंदर चीज़ मालूम है क्या है? वो मटार वाली चुप्पी. इस पर पीएचडी कीजिए. आणि हिने अर्ज भरला, मुलाखत दिली, प्रवेश मिळाला! विषय, मराठी घरांतली मौनं.

परवा मी ठरवलं, जेवताना तोंड उघडायचंच नाही, म्हणजे हिला काही मिळायलाच नको. बसलो मख्खासारखा. ती माझ्याकडे बघतेय, घड्याळाकडे बघतेय, आणि हळूच म्हणते, "सुंदर. अजून थोडा वेळ असंच."

म्हणजे बोललो तरी डेटा, आणि गप्प बसलो तरी डेटा.