उलट हिसका

नाही नाही, तो दोर फेकू नका, रुमेनसाहेब — जुना झालाय, मान्य, पण उद्या या जहाजावरचा आमचा झेंडा उतरून तुमच्या नौदलाचा चढेपर्यंत तरी राहू द्या. समुद्रातले सुरुंग बघायला पाणबुड्या खाली जातो ना, त्याच्या कमरेचा दोर हा, वरचं टोक माझ्या हातात असायचं. एक हिसका म्हणजे ‘आहेस ना?’ उलट एक हिसका म्हणजे ‘आहे.’ तुमच्या वार्नाच्या नौदल तळावरही असंच? मग झालं. बाकी काय दाखवू? दारांवर तुमच्या लिपीतल्या पट्ट्या लावल्यात — आमचा आचारी लुबर्ट परवा संडास समजून बटाट्यांच्या कोठीत शिरला — हसा, आम्हीही हसलो. या वर्षात तेवढंच हसलो म्हणा.

सीत्से गेला त्याला वर्ष होईल. पाणबुड्या होता. बुधवार होता — बुधवारी आमच्याकडे भात आणि शेंगदाण्याच्या रश्शातली कोंबडी — पाण्यात उतरताना म्हणाला, “येल्मर, माझ्या वाटच्या कोंबडीला हात लावलास तर बघ!” मग खालून एक हिसका आला. मी उलट दिला. दिला हो, चौकशीतही तेच सांगितलं. मग मी विचारलं, तर दोर नुसताच हलका... कुठल्या तरी बुडालेल्या जहाजाच्या पत्र्याने कापला असेल म्हणतात. तो सापडला नाही.

तेव्हापासून जहाजाच्या तळातून टक् होतं. एकदाच. लुबर्ट म्हणतो, बोट धक्क्याला घासते — अहो, भर समुद्रात कुठला धक्का? पोरं चिडवतात, “येल्मर, दार उघड, सासूबाई आल्यात!” चिडवू देत. मी टाचेने एकदा ठोकतो, बस्स. सुट्टीतही घरी गेलो नाही, इथेच झोपलो. आई फोनवर विचारते, जहाज देऊन टाकल्यावर तरी येशील ना? कसा जाऊ? उत्तर मिळालं नाही तर त्याला वाटेल, वर कोणीच नाही.

म्हणून म्हटलं, तुम्ही पाणबुड्यांचे प्रमुख, तुम्हाला सांगून ठेवावं. वेडा समजा हवं तर. फक्त टाच आपटायची, त्याला काय भाषा लागते?

थांबा.

ऐकलंत ना? — नाही, मी नाही देणार. हे बघा, पाय बाकावर घेतले मी. जहाज तुमचं आता. द्या ना. अहो, वाट बघतोय तो — द्या!