एक नंबरचा मान

आणि वर गिऱ्हाइकं मलाच विचारतात, ‘गो पोरी, आमचा नेट कुनी वळवलान?’ वळवलान! पाट आहे का तो, बांध फोडला नि घेतला आपल्या खाचरात? तुम्हाला सांगते, बीएस्सी झाले तेव्हा वाटलं होतं, आता माणसांशी बोलायला नको, कॉम्प्युटरशी बोलायचं. कॉम्प्युटर निदान टेबलावर काठी आपटत नाही! आणि मी मेली अशी, की साधा फोन वाजला तरी खुर्चीतून वीतभर उडते.

आमचं ऑफिस महाडात, चवदार तळ्यासमोर, माडीवर. गच्चीवर टॉवर, टॉवरवर अँटेना, तिथून बिनतारी नेट थेट दासगावपर्यंत. मालक जितेशदादा. ह्या माणसाने लाइन आणली दोन एमबीची आणि गिऱ्हाइकं जोडली सत्तावीस. प्रत्येकाला काय सांगितलं? ‘काका, दोन एमबी, फक्त तुमच्यासाठी!’ सत्तावीस जणांना! मी म्हटलं, दादा, हे जमायचं कसं? तर म्हणे, ‘मॅनेज कर ना अमिता, शिकलेली आहेस तू.’ अहो, काय मॅनेज करू? आमटी आहे का, पाणी घालून वाढवायला? दोन एमबी, सत्तावीस घरं!

तरी केलं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक घराला एक ते आठ असा आकडा देता येतो. एकवाल्याला आधी, आठवाल्याला उरलंसुरलं. दवाखान्याला एक, कारण रिपोर्ट जातात. ठकूबाई आजींना तीन. त्यांचा नातू स्वराज मस्कतला, रविवारी कॅमेऱ्यावर दिसतो आणि मध्येच गोठतो. ‘गो अमिता, पोरानं तोंड उघडलान नि तसाच रायला गो! डाक्तरला बोलवू काय?’ आता ह्यांना तीन नको द्यायला? भिकू फोटोवाला लग्नाचे फोटो पाठवतो, त्याला पाच. दासगावच्या आबाजींना सात, कारण ते नेटवर फक्त पंचांग बघतात आणि पंचांग काही पळून जात नाही. आणि आठ? आठ मला. ऑफिसचं मशीन, तक्रार कोण करणार! यादी छापली, आणि विसरायला नको म्हणून भिंतीवर चिकटवली.

इथेच फसले हो...

आबाजी आले होते माकडांनी अँटेनाचं तोंड फिरवलं म्हणून सांगायला. चष्मा चढवला, बोट ठेवून यादी वाचली. ‘पोरी, शिमग्याला पालखी पयली कुनाच्या दारात येते?’ मी म्हटलं, तुमच्या असेल. ‘असेल नाय, हाय! सात पिढ्यांचा मान हाय. भिकू आमच्या मागनं. नि हितं भिकू पाच, मी सात?’ अहो आबाजी, तो मान नाही, नुसता आकडा आहे! ‘मंग मी आकड्याचंच बोलतोय ना!’

आता ऐका. दुसऱ्या दिवशी अकराला माझी परीक्षा. पुण्याच्या कंपनीची, ऑनलाइन, चाळीस मिनिटं, एकदाच. पास झाले तर ह्या माडीवरून सुटका! ठरवलं, फक्त चाळीस मिनिटं आपल्याला एक नंबर घ्यायचा. चोरासारखं दाराकडे एकदा बघून घेतलं. दहा पंचावन्नला एकचा आकडा टाकला... आणि जिन्यावर चपला! आबाजींच्या मागोमाग दासगावची अर्धी गावकी वर, ठकूबाई आजीसुद्धा!

‘आमचा मान आधीचा!’ ‘तुमचा? तुमच्या दारात पालखी नुसती टेकते!’ ‘ए भिक्या, तोंड सांभाळ!’ खिडकीबाहेर तळं. तिथे आधी कोण नि मागून कोण, ह्याचा निकाल केव्हाच लागलाय. आणि इथे? माझ्या टेबलावर? दोन एमबीसाठी? मी ओरडले, ‘माझी परीक्षा आहे!’ पण माझा आवाज ऐन वेळी असा बसतो की उंदीर बरा. आबाजींनी काठी आपटली, ‘मानाचा वाद मिटल्याबिगर पालखी उठायची नाय!’

आणि मी दचकले.

पाय गेला वायरमध्ये, प्लग बाहेर, नेटच्या डब्यावरचे सगळे हिरवे दिवे गुल्ल. दहा अठ्ठावन्न. मग आबाजी हात जोडून, ‘देवानं कौल दिलान!’ कौल? अहो, माझा पाय तो! वाकले प्लग लावायला, तर चार जण अंगावर, ‘हात नको लावू गो, कौल हाय!’ अडीच तास! अडीच तास माझ्याच ऑफिसात गावकी बसली, आणि चहा कोणी सांगायचा? मीच!

शेवटी ठकूबाई उठल्या. माझं ते उंदराचं ओरडणं एकट्या त्यांनीच ऐकलं होतं. ‘मेल्यांनो, पोरीची परीक्षा बुडवलीत! डब्याला दिवाबत्ती ती करते, ती ह्याची गुरव. पयला मान तिचा!’ आणि काय सांगू, एका मिनिटात एकमत! ज्याच्यासाठी डोकी फुटायची वेळ आली होती, तो एक नंबर मला. मानाने. नारळासकट! दवाखाना दोनवर, आणि आबाजी भिकूच्या एक पुढे.

प्लग लावला. दीड वाजला होता. मेल काय सर्रकन उघडली, एवढा स्पीड मी जन्मात पाहिला नव्हता! कंपनीने लिहिलं होतं, ‘आपण परीक्षेला गैरहजर होता. जोडणीत अडचण आल्यास आपल्या स्थानिक इंटरनेट सेवेकडे तक्रार करावी.’

केली. तक्रारवहीत, माझ्याच अक्षरात. खाली उत्तरही मीच लिहिलं: ‘दोन एमबी, सत्तावीस घरं. जरा धीर धरा, ताई.’