सहा महिने म्हणालो ते

आता तेच पुन्हा सांगायला लावताय म्हणजे कमाल आहे तुमची. परवा फोनवर सांगितलं होतं ना — तिला इथे कामाला लागून सहा महिने — आणि तिच्या अर्जात सहा वर्षं लिहिलंय म्हणून जिने चढून आलात इथवर. बसा. त्या स्टुलावर नको, तिथे दुरुस्तीचा काटा आहे, धक्का लागला की अर्धा दिवस गेला माझा. मी चौथी नापास माणूस, वजनकाटे दुरुस्त करतो, मला तुमची शाळा कळत नाही आणि कळून घ्यायचीही नाही. घरबसल्या कॉम्प्युटरवर शिकायची म्हणे, तंत्रज्ञानाचा धंदा कसा चालवायचा त्याची मोठी पदवी. धंदा काय पडद्यावर शिकतात? — असो, शिकतही असतील.

सून आहे माझी. या समोरच्या टेबलावर बसते. स्क्रू किती पिळायचा आणि कुठे थांबायचं ते मी दाखवलं तिला, मी — माझ्या धाकट्या भावाने नाही. इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा माझे हात थांबले, तिचे चालू झाले. मग तीच मला शिकवायला लागली, तेही ऐकून घेतलं. भाऊ कुठून आला मध्ये म्हणता? बरोबर आहे. त्याचं खाली काचेचं दुकान आहे, नवे काटे विकतो, दोन वर्षं कॉलेजात जाऊन आला, तेव्हापासून जिभेला तेल लावल्यासारखं बोलतो. पदवीचं तिने त्याला आधी सांगितलं. मी तीन हातांवर बसलेला, आणि ही दोघं लॅपटॉपात डोकं घालून — या शाळेचे तास सकाळी, त्या शाळेची परीक्षा कडक. मुलाखतीची तयारीसुद्धा त्याच्याकडून. तो टाय लावून साहेब व्हायचा, ती उत्तरं द्यायची, मध्येच हसायची. माझ्यासमोर कधी इतकी हसली नाही. जळलो? मी कशाला जळू या वयात — बोलणं मात्र बंद केलं तिच्याशी.

त्यातली एक शाळा स्वस्त होती, तिथे नाव घालायचं जवळजवळ ठरलं. मी भावाला म्हटलं, अरे, सरकारी शिक्क्याशिवाय काटा वापरला तर निरीक्षक उचलून नेतो, मग त्या शाळेवर शिक्का कुणाचा ते बघितलंत का दोघांनी? तिच्याशी अबोला, म्हणून त्याला म्हटलं. तो उठला, तिच्या टेबलाशी गेला आणि स्वतःच्याच डोक्यातून निघाल्यासारखं तिला विचारलं. तिने शोधलं तर मान्यताच नव्हती. कुणाचीच नाही. दोन वर्षं रक्त आटवून हातात कागद आला असता पुड्या बांधायच्या लायकीचा. मग तिने तुमची निवडली, मान्यतेची. आणि अर्जाला तो निबंध जोडतात ना, त्यात लिहिलं, काकांनी वेळेवर डोळे उघडले. मला कसं कळलं? शेजारच्या औषधवाल्याकडून वाचून घेतला. दोनदा. माझं नाव एकदाच आलं — पत्त्यात.

त्याच दुपारी तुमचा फोन आला. आता जिभेला काय हाड असतं? सहा महिने, म्हटलं. पाच वर्षांपेक्षा कमी काम असलं की जागा मिळत नाही हे मला माहीत नव्हतं — माहीत होतं. तीन हातांवर बसून सगळं ऐकलेलं आहे मी. असे काय बघताय? काल सकाळी तुमच्या शाळेने तिला ते कळवलं, तेव्हापासून दिवसभर ती याच टेबलावर बसून होती, एकाही काट्याला हात लावला नाही, आणि संध्याकाळी मला म्हणते, बाबा, त्यांचाच काहीतरी घोळ झालाय, तुम्ही जरा नीट सांगाल का त्यांना. माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाही हो तिने.

आणा तो कागद. सहा वर्षं आणि वर दोन महिने, असं लिहा. पुरावा हवा तर खालच्या बाजारात फिरा, एकेका काट्याच्या पाठीला तिने चिकटवलेली चिठ्ठी आहे, तारखेसकट. सही मी करतो — वेळ लागतो मला, घाई करू नका. झालं. तिला काय सांगायचं ते ती आली की मीच सांगेन, माझ्या तोंडाने, तुम्ही त्यात पडू नका. निघा आता. खाली काचेच्या दुकानातून एकजण गोड हाक मारेल, बसा म्हणेल. बसू नका. मी सुनेची माफी मागेन, मागायलाच हवी, पण माझी माफी ज्याने मागायला हवी तो तिथे टाय लावून बसलाय — माझा धाकटा भाऊ.