मिनेगिशी बाईंची मोजणी

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे शिओमी सर, आणि हातात ग्लास धरून खोळंबलेली सारी मंडळी,

आधी माफी मागतो. मला बोलायला उशीर झाला. आजचाच नव्हे, सात वर्षांचा. मी कोगुरे, तळघरातल्या उंदरांच्या खोलीचा राखणदार. शाळा नववीपर्यंत.

सरांबद्दल चांगलं बोलायला मला उभं केलंय, तर ते बोलतो. म्हाताऱ्या मेंदूतही काही मूळ पेशी झोपून असतात, आणि त्या जाग्या होणार की नाही हे त्यांच्या भोवतालावर ठरतं, हे सरांनी मला कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. प्रयोगात गेलेल्या उंदरांच्या स्मृतिशिळेपुढे दरवर्षी सरच सगळ्यांत जास्त वेळ वाकून उभे राहतात. यात खोटं काही नाही.

पण मिनेगिशी बाईंचं काय? सरांच्या हाताखाली संशोधन करायच्या, जुन्यांना आठवत असतील. त्यांचे अर्धे उंदीर चाकाच्या पिंजऱ्यात, अर्धे बिनचाकाच्या, रिकाम्या पिंजऱ्यात. पळणाऱ्यांच्या मेंदूत नव्या पेशी जास्त निघायला हव्या होत्या. बाईंनी तीनदा मोजल्या, दोन्हीकडे सारख्याच. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला मोजताच येत नाही."

बाई खाली माझ्याकडे आल्या. "काका, रिकाम्या पिंजऱ्यांना वेगळं काही खायला घालता का हो?"

"छे हो बाई! त्यांच्या खाण्याला मी कशाला हात लावू?"

खरंच होतं ते. वेगळं खायला नव्हतो घालत. पिंजरे धुताना त्या बिचाऱ्यांना एका जुन्या चाकावर पळवत होतो. रोज, तासभर. चाक कुरकुरू नये म्हणून कॅमेलियाचं तेलसुद्धा लावायचो. दया आली, दुसरं काय?

पण बाई गेल्या आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला, माझ्यामुळे दोन्हीकडचे उंदीर पळतच होते. दुसऱ्या सकाळी सरांना सगळं सांगितलं. सरांनी आधी दार लावलं. आठवतंय ना, सर? म्हणालात, "कोगुरे, तुम्ही लेंड्या काढा. मेंदूत हात घालू नका. हे बाहेर पडलं तर त्या खोलीतले माझेही आकडे जातील. आणि त्याआधी तुमची नोकरी."

मी लेंड्या काढत राहिलो. मार्चअखेरीस बाई आपलं सामान एका खोक्यात घेऊन कायमच्या निघाल्या. मी दार धरलं. "तब्येतीला जपा, काका," एवढंच म्हणाल्या.

अध्यक्ष, चिठ्ठी नका पाठवू, आवरतोच. आणि याला कुणी धैर्य म्हणू नका. माझंही कंत्राट आजच संपतंय.

हा कागद घ्या. यात लिहिलंय की बाईंची मोजणी बरोबर होती, चूक राखणदाराची होती, आणि ती वरपर्यंत माहीत होती. खाली सहीच्या जागी माझा शिक्का उमटवलाय. शेजारी सरांच्या शिक्क्यापुरती जागा सोडलीय. सर, तुमचा शिक्का नेहमी खिशात असतो. शाई मी आणलीय.

सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. वेडंवाकडं बोललो असेन तर अडाणी म्हणून पोटात घाला. फक्त बाईंचा पत्ता कुणाला ठाऊक असेल तर लवकर कळवा. पंचाहत्तरी उलटलीय माझी. सरांचा शिक्का पडो न पडो, कागद मी टपालात टाकणार आहे.